वेस्टर्न सिनेमे आणि मालिका: तुमचे आवडते कोणते? (जुने, नवे सगळे चालतील)

दगडफूल
गेल्या रविवारी ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ परत बघितला, कितव्यांदा ते आता मोजत नाही. पण या वेळी सुरुवातीची दहाएक मिनिटं बघून पुढे जाताच येईना, पुन्हा मागे नेऊन तेवढंच बघितलं. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजाड माळावरचं लाकडी स्टेशन, तीन बंदूकवाले गाडीची वाट बघत थांबलेत, कोणी कोणाशी बोलत नाही. पवनचक्की कुरकुरतेय. एकाच्या टोपीवर वरून पाण्याचा थेंब पडतोय, टप टप, तो जागचा हलत नाही, टोपीच्या कडेत पाणी साठू देतो आणि शेवटी तेच पितो. दुसरा बोटं मोडतोय. तिसऱ्याच्या तोंडावर माशी बसलीय, तो ती फुंकून उडवायला बघतो आणि मग भिंतीवर बसलेली तीच माशी पिस्तुलाच्या नळीत पकडून कानाशी धरून तिची गुणगुण ऐकत बसतो. बास. एवढंच. मग गाडी येते, कोणी उतरत नाही, गाडी निघते आणि गाडीच्या पलीकडे चार्ल्स ब्रॉन्सन उभा, तोंडाला माउथ ऑर्गन. गोळीबार किती वेळ? दोन-तीन सेकंद.

मला वेस्टर्न का आवडतात ते मला त्या स्टेशनवर कळलं. गोळी सुटते ती क्षणात, सगळा जीव असतो तो आधीच्या वाट बघण्यात.

आणि हे या सिनेमाचा दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने उचललंय ते ‘हाय नून’मधून (१९५२). तिथेही स्टेशनवर तिघं जण बारा वाजताच्या गाडीची वाट बघतायत, त्यांचा म्होरक्या तुरुंगातून सुटून येतोय आणि त्याला मार्शल विल केनचा जीव घ्यायचाय. केनचं त्याच सकाळी लग्न झालंय. तो गावभर दारोदार फिरतो, चर्चमध्ये जातो, मित्राकडे जातो, कोणी मदतीला येत नाही, प्रत्येकाकडे कारण आहे आणि प्रत्येकाचं कारण ऐकताना पटतंसुद्धा. सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा आणि गोष्टही जवळपास तेवढ्याच वेळात घडते, घड्याळ सारखं दिसत राहतं. बाराच्या आधी केन टेबलावर मृत्युपत्र लिहीत बसतो, तेव्हा लंबक, रिकामी खुर्ची, चर्चमधली माणसं, रुळ असे शॉट एकामागून एक येतात. मग कॅमेरा वर वर जातो आणि रिकाम्या रस्त्यावर तो एकटा. गॅरी कूपरचा तो घामेजलेला, थकलेला चेहरा मी विसरू शकत नाही.

त्या तिघांपैकी एक कोण ओळखा? ली व्हॅन क्लीफ! पहिलाच सिनेमा आणि संपूर्ण सिनेमात एक शब्द बोलत नाही. पुढे १९६६ साली ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधला ‘बॅड’ तोच.

माझ्या यादीत हे दोन वर, मग ‘अनफर्गिव्हन’, ‘शेन’, ‘द सर्चर्स’, मालिकांमध्ये ‘लोनसम डव्ह’. तुमचे सांगा, नुसती नावं नको, का आवडला तेही लिहा.

मॅटिनी_शो
धागा बघून फार आनंद झाला. आमच्या पिढीला वेस्टर्न म्हटलं की एकच नाव, ‘मॅकेनाज गोल्ड’! अमेरिकेत पडला म्हणतात, पण आपल्याकडे तो किती चालला ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, वर्षानुवर्षं परत परत लागायचा, मॅटिनीला लागला की कॉलेज रिकामं. मी पाच वेळा बघितला टॉकीजमध्ये, पहिल्यांदा थोरल्या भावाबरोबर. इंग्रजी अर्धंही कळत नव्हतं आणि कळायची गरजच पडली नाही. सुरुवातीला ते गिधाड आकाशात घिरट्या घालतंय आणि मागे गाणं, मग ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, सोन्याच्या दरीचा नकाशा जळून गेलाय आणि आता तो फक्त पेकच्या डोक्यात आहे.

आणि तो सुळक्याचा सीन. सकाळी सूर्य उगवतो, त्या उंच सुळक्याची सावली जमिनीवरून सरकत सरकत जाते, सगळे घोड्यावरून तिच्या मागे सुसाट, आणि सावलीचं टोक जिथे पोचतं तिथे दरीची वाट. थिएटरमध्ये त्या वेळी शिट्ट्या नाहीत, काही नाही, चिडीचूप. मग सोनं दिसल्यावर जो आवाज व्हायचा तो आजही कानात आहे. शेवटी भूकंप होतो, सगळं गाडलं जातं, आणि पेक ज्या घोड्यावर बसून निघतो त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत सोनं भरलेलं असतं, ते फक्त आपल्याला दिसतं, त्याला माहीतच नसतं. भाऊ घरी येईपर्यंत तेच बोलत होता, त्याला कळेल का, कधी कळेल. भाऊ आता नाही. पण हा सिनेमा लागला की मी अजून त्या शेवटासाठी थांबतो.

दगडफूल
काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या ‘मॅकेनाज गोल्ड’चं आणि माझ्या ‘हाय नून’चं नातं आहे माहितीये? दोन्ही एकाच माणसाने लिहिलेत, कार्ल फोरमन. ‘हाय नून’चं काम चालू असतानाच त्याला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावलं, त्याने बाकीच्यांची नावं द्यायला नकार दिला आणि त्याचं नाव काळ्या यादीत गेलं, देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. म्हणजे गाव मार्शलला एकटं सोडतं ही गोष्ट तो लिहीत होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या आयुष्यात तेच घडत होतं, कालपर्यंतचे दोस्त तोंड फिरवत होते. हे कळल्यावर तो सिनेमा परत बघा, चर्चमधला सीन वेगळाच दिसतो. पुढे ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ त्याचाच, आणि त्याच दिग्दर्शकाबरोबर मग १९६९ साली ‘मॅकेनाज गोल्ड’.

खडीसाखर
+१ मॅकेनाज गोल्ड. बाबांनी दाखवला होता. तो सुळका खरा आहे, ॲरिझोनात कॅन्यन डी शे नावाची दरी आहे तिथला स्पायडर रॉक.

पनवेल_लोकल
वेस्टर्न म्हणजे फक्त अमेरिकेची मालमत्ता नाही हे आधी लिहितो. जपानी दिग्दर्शक कुरोसावा अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डचे वेस्टर्न बघून मोठा झाला, त्याने ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) केला, हॉलिवूडने त्याचाच ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) केला. कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून लिओनीने न विचारता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला, जपानी कंपनीने दावा लावला, पैसे द्यावे लागले आणि अमेरिकेत तो सिनेमा लागायला १९६७ साल उजाडलं. इटालियन दिग्दर्शक, स्पेनचं वाळवंट, जपानी गोष्ट, अमेरिकन हिरो. आणि मग हे सगळं फिरून आलं आपल्याकडे ‘शोले’त. दोन भाडोत्री माणसं गाव वाचवायला येतात ते कुरोसावाकडून, आणि ठाकूरच्या घरची माणसं एकेक करून पडतात, शेवटी लहान मुलगा आणि घोड्यावरचा गब्बर, तो सीन थेट दगडफूलने लिहिलेल्या ‘वन्स अपॉन अ टाइम’मधला, तिथे मुलासमोर हेन्री फोंडा उभा असतो.

माझा जिव्हाळ्याचा भाग म्हणजे शोलेतला रेल्वेवरचा हल्ला पनवेलजवळ शूट झालाय, तेवढ्या एका सीनला सात आठवडे लागले होते. मी त्याच भागात वाढलो, आजोबा ती जागा दाखवायचे, आता तिथे इमारतीच इमारती. पण आगीनगाडी, शेजारून धावणारे घोडे, मालगाडीवरची मारामारी हे वेस्टर्नचं सगळ्यात जुनं चित्र आहे, १९०३ सालच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासूनचं, तो सिनेमा बारा मिनिटांचा आहे फक्त, जरूर बघा.

लालमाती_फिनिक्स
मी गेली नऊ वर्षं ॲरिझोनात आहे त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा आले होते तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो, आमच्याकडून पाच-साडेपाच तास ड्राइव्ह. लांबून ते तीन सुळके दिसायला लागले आणि बाबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नुसते उभे राहिले. १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून जॉन फोर्ड तिथेच येत राहिला, गोष्ट टेक्ससची असली तरी शूटिंग इथेच, ‘द सर्चर्स’ (१९५६) पण तसाच.

पण एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली. ती जमीन नॅव्हाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांची आहे, पार्क त्यांचं, तिकीट त्यांचं, गाइड त्यांचे. आमची गाइड एक नॅव्हाहो बाई होती, पन्नाशीची असेल, तिने सांगितलं की तिच्या आजोबांनी असल्या सिनेमात काम केलं होतं, कधी कोमांची म्हणून, कधी अपाची म्हणून (या दोन्ही वेगळ्या मूळनिवासी जमाती), आणि पडद्यावर बोलायचे मात्र नॅव्हाहोच, कारण हॉलिवूडला फरक कळत नव्हता. मी ‘द सर्चर्स’ घरी येऊन परत बघितला. कोमांची सरदार ‘स्कार’ झालाय तो हेन्री ब्रँडन, जर्मनीत जन्मलेला गोरा नट. सिनेमा कितीही देखणा असला तरी मला तो आता आवडत्या यादीत ठेवता येत नाही. ज्यांची जमीन, ज्यांची माणसं मेली, त्यांनाच सिनेमात राक्षस केलंय. हे वाट बघणं वगैरे सुंदर आहे, पण कोणाच्या अंगणात उभं राहून वाट बघताय?

त्यापेक्षा ‘डार्क विंड्स’ बघा, २०२२ पासून चालू आहे, १९७० च्या दशकातले नॅव्हाहो पोलीस, झान मॅक्लार्नन लेफ्टनंट लीपहॉर्नच्या भूमिकेत. त्याच लाल सुळक्यांमध्ये, पण या वेळी गोष्ट तिथल्या माणसांच्या बाजूने. मुलाच्या मरणाचं दुःख तो माणूस ज्या शांतपणे वागवतो ते बघवत नाही.

दगडफूल
लालमाती, तुमचं म्हणणं पटतंय आणि टोचतंयसुद्धा. फोर्डने नटांच्या बाबतीत जे केलं त्याचं समर्थन नाहीच. पण ‘सर्चर्स’च्या बाबतीत एक सांगू का, तो सिनेमा इथन एडवर्ड्सला (म्हणजे जॉन वेनला) हिरो म्हणून सोडून देत नाही. तो मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, का तर त्याचा आत्मा भटकत राहावा. पाच वर्षं पुतणीला शोधतो ते वाचवायला नाही, ती आता ‘त्यांची’ झाली म्हणून मारायला. जॉन वेनला इतकं भीतिदायक कोणी कधी दाखवलं नव्हतं. आणि शेवट आठवा, सगळे घरात जातात, तो उंबऱ्याबाहेरच राहतो, डाव्या हाताने उजवं कोपर धरून क्षणभर उभा राहतो आणि वाऱ्यात निघून जातो, दार बंद होतं. (ते कोपर धरणं म्हणजे हॅरी केरी या जुन्या नटाची लकब, वेनने त्याच्या आठवणीसाठी केलं, समोर त्याच सिनेमात काम करणारी केरीची बायको उभी होती.) माझ्या मते ते दार सिनेमानेच त्याच्या तोंडावर लावलंय.

लालमाती_फिनिक्स
दार लावलं हे खरंय. पण दाराच्या आत कोणीही कोमांची नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे, तुम्ही तुमच्या राहा. ‘डार्क विंड्स’ मात्र बघाच.

दगडफूल
बघतो, आजच सुरू करतो. आणि तुमचं ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाणार नाही.

शाईपेन
तुमचं सिनेमांचं चाललंय, मी मालिकांचं लिहिते. ‘डेडवूड’ (२००४ ते २००६, तीन सीझन, ३६ भाग). माझ्यासाठी वेस्टर्न इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. १८७६, डकोटातल्या टेकड्यांमध्ये सोनं सापडलंय, जमीन करारानं लाकोटा या मूळनिवासी लोकांची आहे त्यामुळे तिथली वस्तीच बेकायदा, म्हणजे कायदा नाही, कोर्ट नाही, पोलीस नाही. चिखल, तंबू, दारूचे गुत्ते. आणि अशा ठिकाणी माणसं हळूहळू ‘गाव’ कशी होतात ते बघायचं.

मला सगळ्यात आवडतो तो देवीच्या साथीचा भाग. वस्तीत देवी पसरते तेव्हा गुत्तेवाला अल स्वेअरेंजन, ज्याने तोपर्यंत किती जणांना मारलंय त्याचा हिशोब नाही, तो गावातल्या चार शहाण्यांना आपल्याच गुत्त्यात बोलावतो, लस मागवायची कशी, आजाऱ्यांना ठेवायचं कुठे ते ठरवायला. आणि टेबलावर काय, तर डब्यातले पीच! मीटिंग आहे म्हणून काहीतरी मांडायला हवं ना. ते वाडगं बघून मला इतकं भरून आलं, कारण तिथे मला सरकार जन्माला येताना दिसलं, पुढच्या प्रत्येक मीटिंगला ते पीच येतात. पहिल्याच सीझनमध्ये नावाजलेला बंदूकवाला वाइल्ड बिल हिकॉक पत्ते खेळताना मागून गोळी लागून मरतो, ते खरं घडलेलं, २ ऑगस्ट १८७६. शिव्या अखंड आहेत, मुलांसमोर आणि सासूसासऱ्यांसमोर लावू नका, पण त्या शिव्यांच्या मधली भाषा एखाद्या जुन्या नाटकासारखी, लांबलचक, वळणावळणाची. मालिका मधेच बंद पडली ते दुःख १३ वर्षं वागवलं, २०१९ ला सिनेमा आला तेव्हा बहुतेक नट म्हातारे होऊन परत त्याच रस्त्यावर उभे, मी पहिल्या दहा मिनिटांतच रडले.

‘लोनसम डव्ह’ (१९८९) ला पण माझं मत. रॉबर्ट डुव्हॉल आणि टॉमी ली जोन्स, दोन म्हातारे रेंजर टेक्ससहून मोंटानाला गुरं हाकत नेतात. शेवट सांगत नाही, पण मित्राला दिलेला शब्द पाळणं म्हणजे काय ते त्यात आहे.

कट्टा_क्र_७
नवीन कोणी लिहीत नाहीये म्हणून मी. ‘जस्टिफाइड’, ‘गॉडलेस’, ‘१८८३’ तिन्ही आवडल्या. ‘यलोस्टोन’ पहिले दोन सीझन भारी, पुढे ताणली. ती लिहिणाऱ्या टेलर शेरिडनचं खरं काम बघायचं तर त्याने लिहिलेला ‘हेल ऑर हाय वॉटर’ (२०१६) बघा. घोडे नाहीत, गाड्या आहेत, पण पक्का वेस्टर्न. आई गेलीय, तिच्या रँचवर बँकेचं कर्ज, मुदत भरत आलीय, जमिनीखाली तेल सापडलंय आणि बँकेला जमीन घशात घालायचीय. दोघं भाऊ त्याच बँकेच्या छोट्या छोट्या शाखा लुटतात आणि त्याच पैशांनी त्याच बँकेचं कर्ज फेडतात. रस्त्याच्या कडेला सगळीकडे कर्जमुक्तीच्या जाहिरातींचे बोर्ड आणि विकायला काढलेली घरं.

मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. आमच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला त्या दिवशी वडील उतारा हातात घेऊन ओसरीवर किती तरी वेळ बसले होते, एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. सिनेमात ख्रिस पाईन मुलांच्या नावावर जमीन करतो तेव्हा मला तेच बोट दिसलं. टेक्सस आणि आमचं गाव यात काय साम्य असेल असं वाटायचं आधी, आता नाही वाटत. आणि त्यात एक म्हातारी वेट्रेस आहे, हॉटेलात मिळतं एकच, स्टेक आणि बटाटा, ती ऑर्डर घेताना विचारते काय नको ते सांगा! दोन मिनिटांचं काम, आख्खं वेस्ट टेक्सस उभं केलंय त्या बाईने.

रानपाखरू
संगीताचं कोणी काही लिहिलं नाही?? लिओनीचा संगीतकार मॉरिकोनी! ‘वन्स अपॉन’ची धून शूटिंगच्या आधीच तयार होती, लिओनी सेटवर ती वाजवून सीन घ्यायचा, म्हणून माणसं त्या सुरात चालल्यासारखी चालतात. ‘गुड बॅड अग्ली’च्या शेवटी टुको (म्हणजे त्यातला ‘अग्ली’) कबरी शोधत गोल गोल पळतो तेव्हा गायिका एडा डेलोर्सोचा आवाज चढत जातो, शब्द नाहीत, नुसता आवाज, दर वेळी काटा येतो अंगावर. ती दफनभूमी स्पेनमधल्या बुर्गोसजवळ सैनिकांनी सिनेमासाठी बांधली होती, खोट्या हजारो कबरी, नंतर गवताखाली गेली. २०१५ पासून चाहत्यांनी सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन जाऊन ती परत उकरून काढली, त्यावर डॉक्युमेंटरीही आहे. मला एकदा तिथे जायचंय, मधल्या त्या गोल दगडी चौकात उभं राहायचंय, बाकी काही नको.

मॉरिकोनीला स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं ते शेवटी वेस्टर्नलाच, ‘द हेटफुल एट’साठी, वयाच्या ८७ व्या वर्षी.

खडीसाखर
दगडफूल, ‘अनफर्गिव्हन’ यादीत टाकून त्यावर लिहिलंच नाहीस तू.

दगडफूल
लिहितो. ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आवडला नव्हता, क्लिंट ईस्टवुड डुकरांमागे चिखलात पडतोय, घोड्यावर चढता येत नाहीये, मला लिओनीच्या सिनेमांतला त्याचा तो ढगळ झगा आणि सिगार हवा होता. पस्तिशीनंतर बघितला तेव्हा कळला. त्यात तो तरुण मुलगा आहे, स्कोफिल्ड किड, मी पाच माणसं मारलीत म्हणून मिरवणारा, ज्याला धड लांबचं दिसतही नाही. तो खरोखर एका माणसाला मारतो, संडासात बसलेल्या. मग झाडाखाली उभा राहून दारू पितोय, हात थरथरतायत, आणि लांबून माळावरून एक बाई घोड्यावर पैसे घेऊन येतेय, ठिपक्याएवढी दिसतेय. ती पोचेपर्यंत दोघं बोलतात. मुलगा कबूल करतो की हा पहिलाच. इथेही वाट बघणंच आहे बघा, पण गोळी सुटून गेल्यानंतरचं, आणि ते जास्त जड. तोपर्यंतच्या सगळ्या वेस्टर्नमध्ये माणसं पटापट पडतात, पुढे काय होतं ते कोणी दाखवत नाही, इथे ईस्टवुडने दाखवलं. शेवटी पाटी येते, सर्जिओ आणि डॉनला अर्पण, म्हणजे लिओनी आणि डॉन सीगल, त्याचे दोन गुरू.

शाईपेन
हे वाचून आज रात्री परत बघणार.

मॅटिनी_शो
काल रात्री ‘हाय नून’ लावला. मी तो कधीच बघितला नव्हता, टीएनटी चॅनेल असायचं तेव्हा लागायचा म्हणे, कार्टून नेटवर्क संपलं की रात्री, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा. सौ. सोबत बसली, तिला गोळीबार आवडत नाही, म्हटली पाच मिनिटं बघते, आणि उठलीच नाही. ली व्हॅन क्लीफ मी पहिल्याच शॉटला ओळखला. चर्चचा सीन आला तेव्हा तुमचं फोरमनचं लिहिलेलं तिला सांगितलं, ती काही बोलली नाही. पुढे ती नवी नवरी, जी गाडीत जाऊन बसलेली असते, ती पहिली गोळी ऐकून गाडीतून उतरते आणि धावत सुटते, तेव्हा सौ. म्हणाली, “मला माहीतच होतं.” शेवटी मार्शल बिल्ला काढून मातीत टाकतो, गावातले सगळे आता बाहेर येऊन गोळा झालेत, आणि तो एक शब्दही न बोलता निघून जातो.

आज तिने स्वतःहून विचारलं, रात्री कुठला. ‘मॅकेनाज गोल्ड’ म्हटलं. जेवणं आठलाच उरकतोय.